चहानंतरचं शून्य

तीन आठवड्यांत हर्षदा खोतनं घरातल्या झाडून सगळ्या वस्तू विजेचा मीटर लावून मोजून काढल्या. आधी गिझर, मग मिक्सर, मग टीव्हीच्या रिमोटमधले सेल. नवऱ्याच्या दाढीच्या मशीनची पाळी आली तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, "आता माझी नाडी तेवढी राहिली बघ." हर्षदा हसली नाही. मीटरच्या दोन पिना तिनं सेलच्या दोन टोकांना पुन्हा लावल्या. दीड व्होल्ट. मीटर ठेवला, कणीक मळायला घेतली, आणि तव्यावर पहिली चपाती पडायच्या आत तिला वाटायला लागलं की मघाचा आकडा आपण नीट बघितलाच नाही. पिठाच्या हातानं ती पुन्हा मीटर शोधायला उठली.

बाई मुळात अशी नव्हती. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आवटींचं बॅटरी वर्कशॉप होतं आणि तिथं तिची चौदा वर्षं गेली होती. साल २०४१. बस, ट्रक, ट्रॅक्टर, सगळं बॅटरीवर आलेलं. बसच्या पोटाखाली पलंगाएवढी, आठशे व्होल्टची बॅटरी असते, तिला वर्कशॉपमध्ये सगळे 'पॅक' म्हणत. तो पॅक उघडून आतून दुरुस्त करायचा, हे हर्षदाचं काम. आठशे व्होल्टला चूक चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण भीती अशी तिला कधी वाटली नव्हती, कारण जोडीला इलाहीचाचा असत.

इलाही मुलाणी एकोणसाठ वर्षांचे. तरुणपणी त्यांचं जळालेल्या विजेच्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करायचं दुकान होतं. बॅटरीचा जमाना आला तसं त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, नवं काम शिकून घेतलं आणि मग अर्ध्या शिरोलीला शिकवलं. त्यांची शिकवणी सोपी होती आणि तिच्यात सूट नव्हती. पॅकपाशी जायच्या आधी अंगावरचा धातू उतरवायचा. त्यासाठी भिंतीवर नावानिशी खिळे ठोकलेले होते. हर्षदाच्या खिळ्यावर तिचं मंगळसूत्र लटकायचं आणि शेजारच्या खिळ्यावर चाचांचा चांदीचा ताईत. पॅकवर कायम दोघं: एकाचे हात आत, दुसरा राखणीला. राखणीच्या माणसाजवळ वीज न वाहणारी लांब आकडी असते. आतल्याला झटका बसला तर त्याला हात लावायचा नाही, आकडीनं ओढायचं. पॅकच्या मधोमध एक नारिंगी प्लग असतो. तो उपसला की पॅकचे दोन तुकडे होतात, चारशे-चारशे व्होल्टचे. उपसलेला प्लग ज्याचे हात आत, त्याच्याच खिशात.

त्यानंतर मोजायचं, आणि तेही तीनदा. आधी मीटर एका चालू सेलला लावून मीटर जिवंत आहे का बघायचं. मग पॅक मोजायचा. मग पुन्हा त्याच सेलवर मीटर तपासायचा, कारण मधल्यामध्ये मीटरच मेला असेल तर त्यानं दाखवलेल्या शून्याला काही अर्थ नाही. एवढं झालं की जाड रबरी हातमोजे काढायचे, कारण आतले स्क्रू तांदळाएवढे असतात आणि मोज्यांत ते हाताला लागत नाहीत.

आणि चहा. चहाला दोघं एकदम जात नसत. आत हात असलेला माणूस प्लग खिशात घेऊनच चहाला जायचा आणि राखणीचा माणूस पॅकसमोर पिवळ्या स्टुलावर बसून राहायचा. हलायचं नाही, फोन बघायचा नाही. परत आल्यावर नियमानं पुन्हा मोजे घालून पुन्हा मोजायचं. हा नियम चाचांनीच शिकवलेला. पण चौदा वर्षांत त्या दोघांमध्ये तो हळूहळू गळून पडला होता. समोर जोडीदार डोळ्यांत तेल घालून बसलेला, प्लग आपल्या खिशात, पॅकला कुणाचं बोट लागलेलं नाही. मग परत मोजायचं म्हणजे जोडीदाराला तोंडावर सांगायचं की तू झोपला असशील. असं आपल्या माणसाला कोण सांगतं?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सांगली रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला धडकलेल्या एका बसचा पॅक आला. हात चाचांचे होते, राखण हर्षदाची. तीनदा मोजलं, शून्य आलं. मोजे निघाले. साडेतीनला चाचा चहाला गेले, वीस मिनिटांत आले. आणि त्या दिवशी, देव जाणे का, त्यांनी हत्यारांच्या ट्रॉलीवरचा मीटर उचलला.

कोल्हापूरकडच्या बायका बोलताना स्वतःला 'मी गेलो, मी आलो' म्हणतात. तशीच हर्षदा हसत म्हणाली, "का ओ चाचा, मी काय झोपलोवतो काय हितं?"

"तसं न्हाई गं," चाचा म्हणाले. हसले. मीटर खाली ठेवला आणि उघड्या बोटांनी आत हात घातला.

पुढचं सगळं वर्कशॉप सांगतं: हर्षदानं दोन सेकंदांत आकडी टाकली, माणूस ओढून काढला, बंद पडलेलं हृदय दाबून दाबून आणि भिंतीवरच्या यंत्राचा झटका देऊन चालू केलं. डॉक्टर म्हणाले, बाईमुळं वाचला. उद्योजकांच्या संघटनेनं शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं आणि तारीख मागायला तिला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तिनं पाठ दुखत असल्याचं सांगितलं.

मीटरचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. विद्युत निरीक्षकांना दिलेल्या जबाबात तिनं लिहिलं होतं, 'चहानंतर कामास पुन्हा सुरुवात झाली.' या वाक्यात खोटं काही नव्हतं, आणि माणूसही कुणी नव्हता. निरीक्षकांनी ते तसंच घेतलं.

*

चाचांचं घर नागाव फाट्याला. हर्षदा दर दोन दिवसांनी जायची. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली होती, डावा तळवा भाजला होता, दोन्ही हात मनगटापर्यंत बांधलेले. जुबेदाचाची त्यांना घास भरवायच्या आणि मग हर्षदापुढं ताट ठेवायच्या. नको म्हटलेलं त्यांना चालत नसे.

"खा गं. तुझ्यामुळं माझा माणूस घरात बसलाय."

 हर्षदाला तो घास पाण्याबरोबर ढकलावा लागे.

चाचांना हातांचं फार वाटत नव्हतं. त्यांना खात होतं ते वेगळंच. झटक्यानं त्यांच्या डोक्यातली त्या दुपारची पाटी पुसून टाकली होती. चहाच्या टपरीवर उभं राहिल्याचं आठवत होतं, कप आठवत होता, टपरीवाल्यानं सुट्टे नाहीत म्हणून दिलेली गोळी आठवत होती. त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत.

"मी मोजलं असंल का गं?" ते दर वेळी विचारत. "तू समोर हुतीस. नीट आठव."

"पॅकचाच दोष हाय, चाचा. मी सिद्ध करून दाखवतो." दर वेळी ती हेच म्हणे.

"पॅकचं नंतर. माझं सांग. साठ पोरांस्नी शिकवलं मी, परत मोजा, परत मोजा म्हणून. आन मीच इसरलो?" मग ते जरा थांबून हळू आवाजात बोलत. "आमच्या अब्बांचं असंच सुरू झालावतं. आधी किल्ल्या इसरायचे. मग एक दिवस मलाच इचारलं, तू कुणाचा म्हणून."

त्या सोमवारी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. निरीक्षकांच्या ऑफिसातून फोन आला होता. शुक्रवारपर्यंत त्यांचाही जबाब लेखी हवा होता. चाचांनी ठरवून टाकलं होतं. मी मोजायला विसरलो, असं लिहून द्यायचं, सोबत कामाचा परवाना जोडायचा, आणि विषय संपवायचा.

"डोक्यानं दगा दिल्याला माणूस आठशे व्होल्टपाशी नको," ते म्हणाले. "उद्या माझ्या इसरण्यानं दुसरं कोण तरी जायाचं. तू ये शुक्रवारी सकाळी. मी सांगतो, तू लिही. जुबेदाला लिवता येतंय, पण पॅकची भाषा तिला जमायची न्हाई."

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. हर्षदानं तोंड उघडलंही. तेवढ्यात चाचींनी तिच्या ताटात अंड्याचा दुसरा वाटा घातला आणि ती गप्प बसली. सांगितलं तर परवाना तिचा जाणार होता, चौदा वर्षांचं नाव जाणार होतं, हे होतंच. पण खरी भीती त्या घराची होती. या उंबऱ्यातून आपल्याला पुन्हा आत घेणार नाहीत, एवढंच तिला दिसत होतं.

शुक्रवारला चार दिवस होते. तिनं स्वतःची समजूत घातली: पॅकचा दोष सिद्ध झाला तर चाचांना काही लिहावंच लागणार नाही, आणि मलाही काही सांगावं लागणार नाही.

*

त्या पॅकचं नाव होतं 'संजीवन', आणि नावाप्रमाणेच त्याचा गुण होता. पूर्वीच्या पॅकमध्ये आतली एखादी जोडणी तुटली की ती कापून नवी बसवावी लागे. संजीवनमध्ये सेलच्या प्रत्येक डब्यात एक जुळणारी कडी होती. एका पॅकमध्ये असे सोळा डबे, एकेक पन्नास व्होल्टचा, माळेतल्या मण्यांसारखे एकापुढं एक ओवलेले. कडीचं अंग चिवट प्लॅस्टिकचं आणि त्या प्लॅस्टिकमध्ये एका मऊ धातूचे बारीक थेंब भरलेले. अपघात झाला की पॅकच्या मेंदूकडून इशारा जाई आणि सोळाच्या सोळा कड्या आपणहून तुटत; पॅक आतूनच निर्जीव होई. आगीचा धोका टळे. नंतर पॅक बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रानं हुकूम दिला की कडीतली छोटी शेगडी तापे, ऐंशी अंशांना थेंब वितळून एकमेकांना मिळत आणि कडी पुन्हा जुळे. शोध खरोखर चांगला होता. अपघातानंतर बसला आग लागून माणसं मरायची, ते जवळजवळ थांबलं होतं.

कंपनीचं म्हणणं साधं होतं. हुकमाशिवाय कडी जुळत नाही. म्हणजे त्या दुपारी शून्य होतं तर ते शून्यच राहणार होतं. मधे कुणीतरी काहीतरी केलं असणार. चौकशीसाठी पुण्याहून त्यांचा इंजिनिअर आला होता, तन्मय केसकर. तिशीतला, मृदू बोलणारा पोरगा. त्याच्यावर चिडायलाही काही जागा नव्हती.

"मॅडम, आम्ही ही कडी प्रयोगशाळेत दहा हजार वेळा तपासली आहे," तो म्हणाला.

"प्रयोगशाळेत एसी असंल," हर्षदा म्हणाली.

"हो, पंचवीस अंश. ठरलेलंच असतं ते."

"आमच्या पत्र्याखाली एप्रिलात किती असतंय, म्हाईत हाय?"

तीन आठवडे तिनं काही नुसतेच रिमोटचे सेल मोजले नव्हते. जुन्या पॅकमधून काढलेल्या कड्या तिनं गोळा केल्या होत्या, त्या तव्यावर पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवल्या होत्या. नवी कडी ऐंशीलाच जुळत होती. पण पाच-सहा वेळा तुटून जुळलेली कडी, बसमध्ये चार उन्हाळे काढलेली, साठाच्या अलीकडेच मऊ पडायला लागली होती. दर जुळणीला धातू थोडा थोडा प्लॅस्टिकच्या बाहेर झिरपत होता आणि त्याचा थर कडीच्या दोन टोकांत साचत होता. म्हाताऱ्या कडीला हुकमाची गरज उरत नव्हती. नुसती ऊब पुरत होती.

केसकरनं तिच्या वहीतले आकडे दोनदा वाचले. "स्वयंपाकघरातला प्रयोग मी अहवालात नाही घेऊ शकत," तो म्हणाला.

"मग वर्कशॉपात करू. गुरुवारी. पॅक त्याच गाडीच्या जोडीचा, तितकाच जुना. कड्या तुम्ही तुमच्या हातानं तोडा."

मालक आवटी हे ऐकत उभे होते. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "करा. पण आत कुणाचा हात जाणार न्हाई."

*

गुरुवारी बाहेर त्रेचाळीस अंश होतं. पॅकचं काळं झाकण पत्र्याखाली तापून हात लावू देत नव्हतं. केसकरनं लॅपटॉपवरून अपघाताचा खोटा इशारा दिला आणि पॅकच्या पोटात टपटप आवाज होऊन सोळा कड्या तुटल्या. हर्षदानं मोजे घालून प्लग उपसला, अर्ध्या पॅकच्या दोन टोकांना मीटरच्या लांब वायरी घट्ट बसवल्या आणि सगळे जण जाड पारदर्शक पडद्यामागं आले. मीटर पडद्याच्या अलीकडं. शेजारी दुसरा, पॅकच्या आतलं तापमान दाखवणारा.

शून्य. अठ्ठेचाळीस अंश.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. केसकर खुर्चीत बसला. हर्षदाला बसवेना. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात पावलं होती, ती ती मोजत राहिली. पाऊण वाजला. शून्य. बावन्न अंश. आवटी जेवायला जाऊन आले. एक वाजला. शून्य. पंचावन्न अंश.

"मॅडम, वीस मिनिटांचा चहा होता," केसकर हलक्या आवाजात म्हणाला. "चाळीस झाली."

"तवा पॅक सकाळधरनं पत्र्याखाली हुता. हा आत्ता आतल्या खोलीतनं काढलाय, नुसता वरनं तापलाय. थांबा की."

"पण काहीच हलत नाहीये. जुळायला लागलं असतं तर थोडं तरी वाढलं असतं."

हर्षदा चालायची थांबली. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला हे सुचू नये याचा तिला रागच आला.

"कसं वाढंल? आठ डबे एका माळेत हायत. एक कडी जुळली, शून्य. चार जुळल्या, शून्य. सात जुळल्या तरी माळ तुटल्यालीच, मीटरला शून्यच दिसणार. आठवी जुळली की..."

तिला वाक्य पुरं करावं लागलं नाही. मीटरवर तीनशे शहाण्णव उमटलं. मधे काही नाही. शून्य होतं आणि मग तीनशे शहाण्णव होतं. आवाजसुद्धा झाला नाही. पॅक जसा पडला होता तसाच पडून होता. त्याला कुणाचं बोट लागलं नव्हतं आणि पडद्यामागची सगळी माणसं डोळे फाडून त्याच्याकडंच बघत होती.

आवटी मटकन खुर्चीत बसले. केसकरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो लबाड माणूस नव्हता. त्यानं तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला आणि देशभरातल्या वर्कशॉपना दुपारी चारपर्यंत इशारा गेला पाहिजे असं वरिष्ठांना सांगितलं. फोनवर दोनदा त्याचा आवाज चढला. हर्षदा भिंतीला टेकून उभी राहिली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

निघताना केसकर तिच्याजवळ आला. "तुमचे उपकार आहेत. पॅकचा दोष मी स्वच्छ लिहिणार आहे," तो म्हणाला. "पण मॅडम, एक ओळ मला लिहावीच लागेल. चहानंतर पुन्हा मोजलं असतं तर हा अपघात टळला असता. ते तर खरंच आहे ना? मुलाणींनी का मोजलं नाही, ते त्यांच्या जबाबात येईलच."

तिची भूक गेली. आजवर राखण ठेवायची ती बाहेरच्या माणसापासून. कुणी प्लग लावेल, कुणी बटण दाबेल, म्हणून स्टुलावर बसायचं. ती जागी होती हे शंभर टक्के खरं होतं आणि तिच्या जागं असण्याला त्या पॅकनं काडीची किंमत दिली नव्हती. चाचांच्या हाताला ते कुठून तरी कळलं होतं. मीटर उचलताना त्यांना तिच्यावर शंका घ्यायची नव्हती, पॅकवर घ्यायची होती. आणि तिनं ती स्वतःवर ओढून घेतली, रुसल्याचं नाटक केलं आणि त्यांना मीटर खाली ठेवायला लावला.

*

शुक्रवारी सकाळी चाचा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवला होता. कालची बातमी त्यांना कळली होती. आवटींनी फोन केला होता.

"शाबास पोरी. सोळा कड्यांचं कोडं सोडवलंस," ते म्हणाले. आवाजात जोर नव्हता. "पॅकचा दोष लपला न्हाई, बरं झालं. आता माझं उरकू या. घे कागद."

चाचींनी तिच्यापुढं पाट ठेवला, पाटावर कागद. त्या खाटेच्या कडेला बसल्या. चाचा सांगू लागले आणि हर्षदा लिहू लागली.

'मी, इलाही दस्तगीर मुलाणी, वय एकोणसाठ, राहणार नागाव...' तारीख, वेळ, पॅकचा नंबर. प्लग कुठं होता, राखणीला कोण होतं. मोजे केव्हा काढले. चाचांना चहाच्या कपापर्यंतचं सगळं लख्ख आठवत होतं आणि ते क्रमानं, न अडखळता सांगत होते.

"चहा घेऊन मी परत आलो," ते म्हणाले. तिनं लिहिलं. ते थांबले. बांधलेला हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला. "परत आल्यावर मोजायचा नियम मीच इतरांस शिकवला असूनही, मी मोजायला विसरलो. लिही."

पेन हललं नाही.

"लिही की गं."

"चाचा, तुम्ही इसरला न्हाईसा."

हर्षदानं पेन पाटावर ठेवलं.

"तुम्ही मीटर उचललावता," हर्षदा म्हणाली. कागदाकडं बघत, भरभर, मधे श्वास घेतला तर पुढचं बोलता येणार नाही अशा घाईनं. "ट्रॉलीवरनं उचललावता. मी म्हणालो, मी काय झोपलोवतो काय हितं. हसून म्हणालो. म्हणून तुम्ही खाली ठेवला. तुम्ही मोजणार हुता. मीच मोजू दिलं न्हाई."

 तिनं मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असेल असं तिला वाटलं होतं, तीन आठवडे ती त्याच रागाला भीत होती. राग नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात बांधलेले असल्यामुळं त्यांना ते पुसता येत नव्हतं.

"उचललावता?" त्यांनी विचारलं. "ह्या हातानं?"

"व्हय."

"खरं सांगालीस?"

"तुमच्या पायाशप्पत."

"जुबेदा," ते बायकोकडं वळले. "ऐकलंस? मी मीटर उचललावता. मला आठवण हुती. माझं डोस्कं ठीक हाय गं. अब्बांसारखं न्हाई झालं मला." आणि साठीला आलेला तो माणूस लहान मुलासारखा हसत आणि रडत राहिला, पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, मी उचललावता.

चाचींनी पदरानं त्यांचे डोळे पुसले, नाक पुसलं. पदर नीट खोचला. मग त्या हर्षदाकडं वळल्या.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "ह्यो माणूस तीन आठवडे रोज सकाळी मला पोरांची नावं म्हणून दाखवतोय. आपल्या तिघा पोरांची, सुनांची, नातवंडांची. इसरलो न्हाई न्हवं, म्हणून इचारतोय. तू एक दिवसाआड हितं बसून जेवत हुतीस. का बोलली न्हाईस?"

त्या दुपारी थट्टा का केली, याचं उत्तर हर्षदाजवळ होतं. चौदा वर्षांची जोडी, चालायचंच, असं कुणीही म्हणालं असतं. या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ एकच होतं आणि ते लाजिरवाणं होतं.

"भ्यालो, चाची. तुम्ही मला घरात घ्यायचा न्हाईसा, म्हणून."

चाची तिच्याकडं बघत राहिल्या.  उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

हर्षदानं पाट बाजूला सारला. "मी जातो, चाचा. जबाब दुसऱ्या कुणाकडनं तरी..."

"बस खाली." चाचांचा आवाज आता पॅकसमोर असायचा तसा होता. "जबाब आजच द्यायचाय. ती इसरल्याची ओळ लिवली न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"मग लिही. परत आल्यावर नियमाप्रमाणं मी मीटर हातात घेतला."

तिनं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

"झालं?"

"झालं. पुढं?"

"पुढचं मला आठवत न्हाई," चाचा म्हणाले. "आठवत नसल्यालं मी सही करून देणार न्हाई. तुला आठवतंय. ते तू लिही, तुझ्या नावानं, आन खाली सही तुझी कर. पोरं वाचतील तवा त्यांस्नी कळाय पायजे, शून्य कुठं चुकलं आन आपण कुठं चुकलो."

आतून चाची बाहेर आल्या नाहीत. हर्षदानं कागद सरळ केला. सांगितलेली ओळ संपली होती तिथं खाली थोडी जागा सोडली, आपलं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि मग 'मी त्यांना मोजू दिलं नाही' असं लिहून, का नाही, तेही लिहायला घेतलं.